मुंबई बेट उभे कापा : परिसीमन आयोगास एका गिरणगावकराचे खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
परिसीमन आयोग

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचेल तेव्हा नव्या जनगणनेचे आकडे तुमच्या टेबलावर असतील, आणि मुंबईच्या नकाशावर कुठून कुठे रेघ ओढायची याचे कच्चे काम कुणीतरी करत असेल. रेघ पक्की झाल्यावर लिहिण्यात अर्थ नसतो. तुमच्या आदेशाला कायद्याचे बळ असते, आणि राज्यघटनेच्या ३२९व्या कलमाने कोर्टाचा दरवाजाही जवळजवळ बंद केला आहे. म्हणून आधीच लिहितो.

मी लालबाग-परळकडचा. माझ्या भागाचा लोकसभा मतदारसंघ २००८ साली नाहीसा झाला. ‘नाहीसा झाला’ हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही, तो खरोखरच नकाशावर उरला नाही. त्याचे नाव तेवढे उचलून दुसऱ्या जमिनीला लावले. आज ‘दक्षिण मध्य मुंबई’ म्हणतात तो मतदारसंघ धारावी, माहीम, वडाळा, सायन कोळीवाडा, चेंबूर आणि अणुशक्तीनगर या सहा विधानसभा क्षेत्रांचा आहे. २००८च्या आधीचा ‘दक्षिण मध्य’ म्हणजे वरळी, परळ, शिवडी, चिंचपोकळी, माझगाव आणि नागपाडा. गिरणगाव, आणि त्याला लागून असलेला गोदी कामगारांचा व मुस्लिम वस्तीचा पट्टा. जुना-नवा मिळून एकही विधानसभा क्षेत्र सामाईक नाही. तरी निवडणूक आली की टीव्हीवरचे पंडित ‘दक्षिण मध्य मुंबईचा इतिहास’ म्हणून तिथले शिवसेनेचे जुने खासदार मोहन रावले यांच्या विजयांची यादी चेंबूरच्या मतदारांना वाचून दाखवतात. चेंबूरकरांनी रावल्यांना कधी मतच दिलेले नाही, बिचारे ऐकून घेतात.

या मतदारसंघाची चाल थोडी सविस्तर सांगतो, कारण तुमच्यापुढे येणाऱ्या तक्त्यांत ती दिसणार नाही.

पहिल्या निवडणुकीत, १९५२ला, शहराचा हा भाग ‘मुंबई शहर उत्तर’ या दुहेरी मतदारसंघात मोडत होता. एकाच मतदारसंघातून दोन खासदार, त्यातली एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते, अशोक मेहता उभे होते, कॉम्रेड डांगेही होते. निवडून आले काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण काजरोळकर. घटना लिहून दोन वर्षे होतात न होतात तोच बाबासाहेबांना कामगारवस्तीच्या शहरात पराभव पाहावा लागला. प्रत्येकाला दोन मते, ती दोन वेगळ्या उमेदवारांना द्यायची, असा त्या दुहेरी पद्धतीचा घोळ होता. हजारो मतपत्रिका बाद झाल्या आणि प्रकरण निवडणूक याचिकेपर्यंत गेले. पुढे १९६१च्या कायद्याने दुहेरी मतदारसंघ रद्द झाले. मतदारसंघाची रचना चुकली की काय होते, याचा धडा मुंबईने पहिल्याच निवडणुकीत घेतला होता, एवढेच इथे नोंदवतो.

१९५७ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ‘मुंबई शहर मध्य’मधून श्रीपाद अमृत डांगे दिल्लीला गेले, आणि त्यांच्यासोबत राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे गोपाळ माने. लाल बावटा आणि निळा झेंडा एकाच मतदारसंघातून एकदम. त्याच वर्षी, त्याच लाटेत, दक्षिणेकडे स. का. पाटील मात्र काँग्रेसच्या तिकिटावर बिनधास्त निवडून आले. इथूनच दोन मुंबया स्पष्ट दिसायला लागतात. एक फोर्ट-काळबादेवी-मलबार हिलची आणि दुसरी भोंग्यावर जागी होणारी. १९६२ला मधली जागा काँग्रेसकडे गेली, १९६७ला डांगे ‘मुंबई मध्य दक्षिण’मधून परत आले. १९६७ म्हटले की सगळ्यांना आठवतो तो जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटलांना पाडल्याचा किस्सा. तो दक्षिण मुंबईतला. मुंबईचा अनभिषिक्त राजा, केंद्रातला रेल्वेमंत्री, आणि त्याला हरवणारा टॅक्सीवाल्यांचा नि महापालिका कामगारांचा पुढारी. तो किस्सा रंगवून सांगायला कुणाला आवडत नाही? पण तो एका निवडणुकीपुरता होता. चार वर्षांत दक्षिण मुंबई काँग्रेसकडे परत गेली.

गिरणगावात जे घडत होते ते जास्त खोल होते. ५ जून १९७० रोजी परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या आणि शिवसेनेचे वामनराव महाडिक १,६७९ मतांनी जिंकले. सेनेचा हा पहिला आमदार. लाल बावट्याचा बालेकिल्ला कसा ढासळला हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने त्या १,६७९ पासून सुरुवात करावी. आमच्या चाळींत त्या काळी एकाच खोलीतला बाप लाल बावट्याचा आणि पोरगा सेनेच्या शाखेत जाणारा, असे सर्रास होते. जेवायला दोघे एकाच ताटावर बसत.

१९७७पासून ‘दक्षिण मध्य’ हे नाव रुजले. त्या वर्षी जनता लाटेत रिपब्लिकन पक्षाचे बापूसाहेब कांबळे निवडून आले. आता पुढचा तपशील जरा लक्ष देऊन वाचा, कारण माझे सगळे म्हणणे त्यावर उभे आहे.

१९८०. देशभर इंदिरा गांधी परत आल्या. मुंबईने मात्र सहापैकी पाच जागा जनता पक्षाला दिल्या : रतनसिंह राजदा, प्रमिला दंडवते, राम जेठमलानी, सुब्रमण्यम स्वामी, रवींद्र वर्मा. सहावी, म्हणजे एकटी दक्षिण मध्य, काँग्रेसच्या रा. रा. भोळे यांच्याकडे गेली.

१९८४. इंदिराजींच्या हत्येनंतरची लाट. मुंबईत मुरली देवरा, शरद दिघे, सुनील दत्त, गुरुदास कामत, अनूपचंद शाह, असे पाच काँग्रेसचे. सहावा दक्षिण मध्यमधून अपक्ष डॉ. दत्ता सामंत. त्यांच्याच नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला गिरणी संप तोवर मोडल्यात जमा होता. अडीच लाख कामगारांपैकी कित्येक गावी निघून गेले होते आणि घरातली भांडी विकून झाली होती. संप हरला तरी डॉक्टर हरले नाहीत. ज्या माणसामागे उभे राहून आपण बरबाद झालो असे सगळे जग सांगत होते, त्यालाच इथल्या लोकांनी देशातल्या सर्वांत मोठ्या लाटेच्या तोंडावर दिल्लीला पाठवले. याला शहाणपण म्हणायचे की जिद्द, यावर आजही आमच्याकडे भांडणे होतात. मला विचाराल तर तो हिशेब होता : संसदेत आमच्याविषयी बोलणारा एक तरी माणूस हवा.

१९८९ला इथूनच वामनराव महाडिक खासदार झाले आणि १९९१पासून सलग पाच वेळा मोहन रावले. त्यातली २००४ची निवडणूक बघा. मिलिंद देवरा, एकनाथ गायकवाड, सुनील दत्त, गोविंदा, गुरुदास कामत, असे मुंबईत पुन्हा पाच काँग्रेसचे. राम नाईक पडले, जयवंतीबेन मेहता पडल्या, मनोहर जोशी पडले. एकटे रावले राहिले.

म्हणजे १९८०, १९८४ आणि २००४, असे तीन वेळा सारे शहर एकीकडे गेले आणि हा मतदारसंघ दुसरीकडे. तिन्ही वेळा वेगळ्या पक्षाकडे : काँग्रेस, अपक्ष, शिवसेना. कुणा एका पक्षाची ही मक्तेदारी नव्हती. लोकांची दुखणी वेगळी होती म्हणून उत्तरेही वेगळी येत होती. १९७७ आणि १९९६ला साऱ्या मुंबईने एकच कौल दिला तेव्हा दक्षिण मध्यही त्यात होता, हेही सांगतो. मी काही या मतदारसंघाला संत ठरवायला बसलेलो नाही.

मग २००८ आले. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने २००१च्या जनगणनेवरून नवी रचना केली. त्या रचनेतले गणित बिनचूक होते, हे मला आधी मान्य करू द्या. महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६९ लाख, विधानसभेच्या जागा २८८, म्हणजे जागेमागे साधारण ३ लाख ३६ हजार माणसे. शहर जिल्ह्यात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत, माणसे ३३ लाख ३८ हजार. भागाकार करा, दहा येतात. शहराच्या जागा १७ वरून १० झाल्या, उपनगराच्या १७ वरून २६. तक्रार कुणाकडे करायची? आमची माणसेच निघून गेली होती. गिरण्या बंद पडल्या, खोल्या विकल्या, लोक डोंबिवलीला, विरारला, नालासोपाऱ्याला गेले. त्यांची मते आता कल्याण आणि पालघरमध्ये मोजली जातात. माणूस गेला तिकडे मत गेले आणि मतामागून जागा गेली.

पण जागा कमी करणे आणि उरलेल्या जागा कुणाशी जोडणे, ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले गणित करते, दुसरे तुम्ही करता. जुन्या दक्षिण मध्यच्या सहा क्षेत्रांची तीन झाली : वरळी, शिवडी, भायखळा. जुन्या दक्षिणेच्या कुलाबा, उमरखाडी, मुंबादेवी, खेतवाडी, ऑपेरा हाऊस आणि मलबार हिल या सहांचीही तीन झाली : मलबार हिल, मुंबादेवी, कुलाबा. तीन आणि तीन जोडून नवा ‘मुंबई दक्षिण’ तयार. बेट खालून वर मोजत गेले की हेच होणार. दक्षिणेला तीन बाजूंनी समुद्र. तिथली लोकसंख्या कमी पडली की मतदारसंघाला वर, उत्तरेकडेच सरकावे लागते. म्हणजे तो आम्हाला गिळणार हे भूगोलानेच ठरवल्यासारखे वाटते. खरे तर आडवे काप घ्यायचे हे आधी गृहीत धरले म्हणून तसे झाले. त्याविषयी पुढे सांगतो.

२००९च्या निवडणुकीत या जोडकामाचे पहिले फळ दिसले. सलग पाच वेळा निवडून आलेल्या रावल्यांना आपला मतदारसंघ शोधत दक्षिणेत यावे लागले. मिलिंद देवरा यांना २ लाख ७२ हजारांवर मते पडली, मनसेच्या बाळा नांदगावकरांना १ लाख ६० हजारांच्या घरात, रावल्यांना १ लाख ४६ हजारांच्या आसपास. ते तिसरे. दोन सेनांची भांडणे हे त्याचे कारण होतेच, ते मी नाकारत नाही. पण गिरणगावाच्या वतीने बोलणारे दोघेही एका बाजूला राहिले आणि खासदार झाला तो पलीकडच्या टेकडीवरचा. मुंबईच्या सहाही जागा त्या वर्षी एका आघाडीला गेल्या. २०१४ला सहाही दुसऱ्या आघाडीला. २०१९ला पुन्हा सहाही. मोदी लाट होती, मान्य. पण १९८४ची लाट काय लहान होती?

यावर शेजारचे मला सांगतात, अहो, आता तर आपलेच राज्य आहे की. २०१४पासून शिवसेनेचे अरविंद सावंत तीनदा निवडून आले, आपण दक्षिण मुंबई जिंकली. पटते, थोडेसे. पण २०२४चा विधानसभानिहाय तक्ता उघडून बघा. त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या, शिंदे यांच्या शिवसेनेच्या यामिनी जाधव मलबार हिलमध्ये आणि कुलाब्यात पुढे. सावंत भायखळा, मुंबादेवी, शिवडीत पुढे, आणि वरळीत अगदी जेमतेम. पन्नास हजारांहून थोड्या अधिक मतांनी निकाल लागला. याचा अर्थ असा की मलबार हिलच्या मतदाराला आज तेच वाटते जे आम्हाला २००९ला वाटले होते : आपण मत दिले, आणि निर्णय भलत्यानेच केला. त्यांची कीव करण्याची वेळ लालबागकरावर येईल असे माझ्या वडिलांना सांगितले असते तर ते हसले असते.

इथे कुणी म्हणेल, खासदार एका पेठेचा असतो का? संसदेत राष्ट्रीय प्रश्न असतात, गल्लीतला प्रश्न नगरसेवकाचा. आमच्याबाबतीत हे खरे नाही, आणि कारण साधे आहे. आमच्या भागातली जमीन केंद्र सरकारची आहे. एनटीसीच्या (राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या) गिरण्या केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाखाली येतात. त्यांच्या आवारातल्या चाळींत भाडेकरू आजही टेकू लावलेल्या गॅलरीतून ये-जा करतात, आणि पुनर्विकासाची फाईल दिल्ली आणि मंत्रालय यांच्यामध्ये फिरते. शिवडीच्या बीडीडी चाळी, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सरकारी चाळी, बघा. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू झाला, शिवडीच्या मागे राहिल्या, कारण त्या मुंबई बंदराच्या, म्हणजे केंद्राच्या, जमिनीवर आहेत. माझगावपासून वडाळ्यापर्यंत बंदराच्या जागेवर राहणाऱ्या, गोदामे चालवणाऱ्या हजारो कुटुंबांचे भाडेपट्टे दिल्लीत ठरतात. घरासाठी दीड लाखाहून अधिक गिरणी कामगार आणि वारस यादीत आहेत, आणि त्यातल्या कित्येकांना बदलापूरच्याही पलीकडच्या शेलू-वांगणीची वाट दाखवली जाते. या माणसांना नगरसेवक पुरत नाही. त्यांना खासदारच लागतो, आणि तोही असा, की ज्याचे निवडून येणे यांच्यावर अवलंबून आहे.

आता मुख्य मागणी.

पुढची गणना आमच्यासाठी आणखी कठीण असणार. २०११लाच शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाख ८५ हजारांवर आली होती, तर उपनगर ९३ लाखांच्या पुढे. जागांची एकूण संख्या आजचीच धरली तर २०११च्या हिशेबानेही शहराला दहाऐवजी आठच विधानसभा जागा मिळाल्या असत्या. म्हणजे तुम्ही पुन्हा आडवे काप घेतलेत तर ‘मुंबई दक्षिण’ आणखी वर सरकेल, दादर-वडाळाही गिळेल, आणि त्याच्या एका टोकाला नरीमन पॉइंट, दुसऱ्या टोकाला सायन असा एक लांबलचक मतदारसंघ होईल. त्यात कुणाचेच दुखणे कुणाला कळणार नाही.

माझी सूचना अशी की बेट उभे कापा. पश्चिम किनारा एकीकडे, पूर्व किनारा दुसरीकडे. आजच्याच क्षेत्रांच्या भाषेत सांगायचे तर मुंबादेवी, भायखळा, शिवडी, वडाळा, सायन कोळीवाडा आणि धारावी हे सहा एका रांगेत, एकमेकांना लागून आहेत. मध्य आणि हार्बर रेल्वेवर जगणारा, बंदराच्या जमिनीवर नि जुन्या चाळींत राहणारा, बाजार, गोदी, गिरणी, चामडे, कुंभारकाम यांचा हा पट्टा आहे. दुसरीकडे कुलाबा, मलबार हिल, वरळी, माहीम, आणि खाडी ओलांडून वांद्रे व त्याच्या पुढचा भाग. पश्चिम रेल्वे, समुद्रालगतच्या इमारती, सीआरझेड म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे निर्बंध, आता कोस्टल रोड. त्यांचेही प्रश्न खरे आहेत, त्यांनाही त्यांचा खासदार मिळू द्या.

यात तोटा आहे, तो लपवत नाही. वरळी परळपासून तुटते, आणि वरळीच्या बीडीडी चाळी व कोळीवाडा पश्चिमेकडे जातात. वरळीकर मला शिव्या घालतील. डिलाइल रोडवरून रोज पूल ओलांडून येणाऱ्यांना ही रेघ कृत्रिम वाटेल. पण गेल्या रचनेमागच्या २००२च्या परिसीमन कायद्यातले निकष वाचले तर मतदारसंघ सलग असावा, भौगोलिक ठेवण, प्रशासकीय सीमा, दळणवळणाच्या सोयी आणि लोकांची सोय बघावी, असे म्हटले आहे. मुंबईत दळणवळण म्हणजे लोकल, आणि लोकल उत्तर-दक्षिण धावते. गेल्या वेळी प्रशासकीय सीमा पाहिल्या गेल्या, लोकल कुणी पाहिली असे वाटत नाही.

आणखी दोन गोष्टी, थोडक्यात. नव्या मतदारसंघाला जुन्याचे नाव देऊ नका. नाव तेच आणि जमीन वेगळी झाली की पन्नास वर्षांचा हिशेब कुणालाच लागत नाही, आणि उमेदवारांना तेच हवे असते. दुसरे, महिला आरक्षण तुमच्या रचनेनंतरच लागू व्हायचे आहे. जुन्या दक्षिण मध्यने १९७७ ते २००४ या नऊ निवडणुकांत एकही स्त्री निवडून दिली नाही. शेजारच्या उत्तर मध्यमधून तेव्हा अहिल्या रांगणेकर आणि प्रमिला दंडवते गेल्या होत्या. गिरणगावातल्या बायकांनी संपाच्या काळात खानावळी चालवून घरे जगवली, मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. तेव्हा हा पट्टा स्वतंत्र करणार असाल आणि तो पहिल्याच फेरीत महिलांसाठी राखीव झाला, तर आमच्याकडून हरकत येणार नाही. काही पुढाऱ्यांकडून येईल, ती बाजूला ठेवा.

प्रस्ताव राजपत्रात छापून हरकती मागवणे आणि जाहीर सुनावणी घेणे तुमच्यावर बंधनकारक आहे. तुमच्यासोबतच्या सहयोगी सदस्यांत खासदार-आमदार असतात. त्यांना मताचा अधिकार नसला तरी कान भरण्याचा असतो, आणि प्रत्येकाला आपापली पेठ सांभाळायची असते. म्हणून विनंती आहे : प्रस्तावासोबत मतदान केंद्रापर्यंतचा नकाशा मराठीत द्या, आणि अमुक भाग तमुक भागाला का जोडला याचे एक-दोन वाक्यांत कारण लिहा. मुंबईची सुनावणी एखाद्या बंदिस्त अतिथिगृहात कामाच्या दिवशी दुपारी ठेवू नका. परळला दामोदर हॉलचे काम पूर्ण झाले असेल तर तिथे घ्या, नसेल तर शिरोडकर शाळेच्या पटांगणात मांडव घाला. रविवार ठेवा, संध्याकाळची वेळ ठेवा. डोंबिवली-विरारला गेलेलेही येतील, आणि वरळीकरांनाही माझ्याशी समोरासमोर भांडता येईल.

कळावे,

आपला,
मुंबई दक्षिण मतदारसंघातील, आधी दक्षिण मध्यचा, एक मतदार
लालबाग, मुंबई